तरफेच्या तारा आणि घरचं भाडं

१३ नोव्हेंबर २००१ रोजी तालिबान काबूल सोडून गेले आणि त्याच दिवशी तिथल्या रेडिओवर पुन्हा गाणं लागलं. पाच वर्षांनंतरच्या त्या गाण्याची बातमी जगभर गेली. बंदी अशी एका दिवसात उठू शकते, पण संगीत एवढ्या लवकर परत येत नाही. त्यासाठी कुणीतरी बकऱ्याचं कातडं कमावून द्यावं लागतं, कुणीतरी खुंट्या तासाव्या लागतात, कुणीतरी भीती बाजूला ठेवून मुलीच्या लग्नात वाजवणारे बोलवावे लागतात. आणि एखाद्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असावा लागतो, जो मध्यरात्रीपर्यंत हॉलमध्ये वाजवतो आणि त्या पैशांवर आठ-दहा माणसांचं घर चालवतो. अफगाण संगीताच्या पुनरुज्जीवनावर लिहिताना उस्तादांची नावं येतात, संस्थांची येतात, देणगीदारांची येतात. या मुलाचा उल्लेख क्वचितच होतो. खरं म्हणजे बंदीनंतर कोणतं संगीत टिकलं आणि कोणतं मागे पडलं, हे बऱ्याच अंशी त्याच्या घरच्या खर्चाने ठरवलं.

आधी ती बंदी नेमकी कशी होती ते पाहायला हवं. तालिबानने काबूल घेतलं २७ सप्टेंबर १९९६ ला. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या फर्मानात दुकानं, हॉटेलं, गाड्या, रिक्षा यांत कॅसेट वाजवायला मनाई झाली. दुकानात कॅसेट सापडली तर दुकानदाराला कैद आणि दुकानाला कुलूप. लग्नात संगीत किंवा नाच झाला तर पकडायचं कुणाला? घरातल्या कर्त्या पुरुषाला. या कलमाचा परिणाम फार खोल गेला. वाजवणारा जोखीम घ्यायला तयार असला तरी उपयोग नव्हता, कारण त्याला बोलावणाऱ्याच्याच मानेवर सुरी होती. वाद्यं फोडली, जाळली, नाक्यानाक्यांवर कॅसेटच्या फिती काढून खांबांना टांगल्या, ही दृश्यं लोकांच्या लक्षात राहिली. पण व्यवसाय मेला तो यजमान भ्यायल्यामुळे. वाद्यांशिवाय गायलेले धार्मिक तराणे तेवढे चालत. रेडिओ अफगाणिस्तानचं नाव रेडिओ शरियत झालं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा लपवून वाचवला, म्हणून आज निदान ऐकायला काही शिल्लक आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घरं तर तालिबान येण्याआधीच उद्ध्वस्त झाली होती. काबूलच्या जुन्या शहरात, बाला हिसार किल्ल्याच्या पायथ्याशी, खराबात नावाची गल्ली आहे. अमीर शेर अली खानच्या काळात, म्हणजे १८६० नंतरच्या वर्षांत, हिंदुस्थानातून दरबारी गवई आणि वादक काबूलला नेले गेले. त्यांची वंशावळ या गल्लीत वाढली. गवई उस्ताद कासिम तिथले. पतियाळा घराण्याची तालीम घेतलेले उस्ताद सराहंगही तिथलेच. म्हणून खराबातच्या तालमीत सा रे ग म आहे, तीनताल आहे, यमनला येमेन आणि भैरवीला बैरमी म्हणणारे राग आहेत. शागीर्द करून घेताना उस्ताद मनगटाला धागा बांधतो आणि गूळ-चणे वाटले जातात. आपल्याकडे गंडाबंधन पाहिलेल्या माणसाला यात काहीच परकं वाटणार नाही. १९९२ ते १९९६ या यादवीत काबूलच्या जुन्या भागावर रॉकेटं पडली आणि ही गल्ली ढिगाऱ्यात गेली. जे जगले त्यांतले बरेच सीमा ओलांडून पेशावरला गेले. १९९२ ला आठ वर्षांचा असलेला मुलगा २००१ मध्ये सतरा वर्षांचा होता. त्याचं सगळं शिक्षण भाड्याच्या खोलीत झालं. तिथे भिंतीपलीकडे दुसरा कुटुंबकबिला राहत होता आणि रियाजाचे तास शेजाऱ्यांच्या झोपेवर ठरत होते. काबूलचं दरबारी गाणं त्याने बापाकडून ऐकलं. पेशावरच्या लग्नात लागणारी पश्तो गाणी मात्र त्याला शिकावीच लागली, कारण पैसे त्यांचे मिळत.

असा मुलगा २००२ मध्ये काबूलला परतला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं? बहुतेकदा एक तबलाजोडी, एक हार्मोनियम, नशीब असलं तर बापाचं रुबाब नावाचं तंतुवाद्य. या रुबाबापाशी थोडं थांबायला हवं, कारण बंदीनंतर काय परत येतं आणि काय येत नाही ते या वाद्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही.

रुबाब हा आपल्या सरोदचा पूर्वज. अंग तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेलं, आतून पोकळ. खालच्या भागावर बकऱ्याचं कातडं, वरच्या भागावर लाकडी पट्टी. मुख्य तारा तीन. पूर्वी त्या तातीच्या, म्हणजे आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या असतात. त्या षड्ज-मध्यम अंतराने लावलेल्या, म्हणजे प्रत्येक तार खालच्या तारेच्या मध्यमात. मानेवर बांधलेले पडदे, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणारे बंध, साधारण चार. हिशोब असा बसतो की उघडी तार आणि चार पडदे मिळून पाच अर्धस्वर होतात आणि सहावा अर्धस्वर म्हणजे पुढची उघडी तार. तीन तारांवर मिळून पंधरा अर्धस्वर सलग मिळतात, एक सप्तक आणि वर थोडं. त्याच्याही वर जायचं तर पहिल्या तारेवर पडद्यांच्या पलीकडे, नुसत्या कानाच्या भरवशावर. सरोदमध्ये धातूची गुळगुळीत पट्टी आणि धातूच्या तारा आल्या, त्यामुळे लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, शक्य झालं. रुबाबात मींड तोकडी. त्याची सगळी ताकद उजव्या हातात.

मुख्य तारांखेरीज दोन-तीन लांब पोलादी तारा आणि ११ ते १५ तरफेच्या तारा, म्हणजे मुख्य तारांच्या नादाने आपोआप घुमणाऱ्या तारा, असतात. तरफेच्या तारा घोडीला, म्हणजे तारा पेलणाऱ्या उभ्या पट्टीला, खाली पाडलेल्या भोकांतून जातात. त्यांतली सगळ्यात आखूड तार घोडीवरच्या एका उंचवट्यावरून नेलेली असते, त्यामुळे जवा, म्हणजे तारा छेडायचं साधन, तिथपर्यंत पोचू शकतो. मुख्य तारेवरच्या आघातांच्या मध्ये ही आखूड तार छेडत जायची, असं की सुरावट चालू असतानाच वर एक टणत्काराची लय धावत राहते. याला परंदकारी म्हणतात. रुबाबिये उस्ताद मोहम्मद उमर यांचा उजवा हात ऐकला की हे सारं एका माणसाचं आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. नवशिक्याची परंदकारी बिघडते ती बहुधा एकाच कारणाने. तो वरच्या तारेकडे हात उचलून नेतो. मनगट उचललं की लय अडखळते. हात जागचा हलू द्यायचा नाही, फक्त जव्याचं टोक थोडं पुढे जाऊ द्यायचं. हे अंगात मुरायला महिने लागतात, आणि तेही रोज तीन-चार तास सलग बसलं तर.

आता पाच वर्षं लपवून ठेवलेला रुबाब बाहेर काढला की काय दिसतं ते पाहू. कुणी भिंतीत चिणून ठेवला होता, कुणी लाकूडफाट्याखाली. तारा ताणलेल्याच राहिल्या असतील तर घोडीखाली कातड्याला खळगा पडलेला असतो. ओल लागली असेल तर कातडं सैल आणि बुरशीने काळवंडलेलं. तुतीच्या लाकडाला भुंगा लागलेला असू शकतो. पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला की कळतं, पोखरलेल्या जागी आवाज बसका येतो. पोलादी तारा गंजलेल्या, त्या सगळ्या बदलायच्या. खुंट्या एकतर घट्ट रुतलेल्या, नाहीतर सैल. रुतलेली खुंटी जोर लावून फिरवली तर मानेला चीर जाते, म्हणून आधी तार काढून टाकायची आणि खुंटी मागून हळूहळू ठोकत सोडवायची.

कातडं बदलणं हे सगळ्यात नाजूक काम. घोडीची जागा मोजून खूण करून घ्यायची. जुनं कातडं काढून कडेवरचा सगळा सरस खरवडायचा. थोडाही राहिला तर नवं कातडं त्या जागी उचलतं. चुन्याने केस काढलेलं बकऱ्याचं कातडं मऊ होईपर्यंत पाण्यात भिजवायचं, पाणी निथळवायचं, सरस लावून कडेवर ताणून बसवायचं, दोरीने आवळून बांधायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात वाळवलं की कडा आधी आवळतात आणि मध्ये सुरकुती राहते. ओलं असतानाच फार ताणलं तर वाळताना फाटतं, कमी ताणलं तर आवाज बसका येतो. पातळ कातड्याचा आवाज खणखणीत पण ते टिकत नाही. जाड टिकतं पण बोलत नाही. वाळल्यावर घोडी ठेवायची आणि तारा एकदम पूर्ण सुरात न आणता चार-पाच दिवसांत थोड्या थोड्या चढवायच्या. पेशावरचा रुबाब काबूलला आणला तर आणखी एक गोष्ट होते. काबूल सुमारे १,८०० मीटर उंचीवर, हवा कोरडी. कातडं ताणलं जातं, सूर चढतो, लाकूड आकसून खुंट्या निसटू लागतात. पहिल्याच हिवाळ्यात कातडं मधोमध फुटलं तर दोष मिस्त्रीचा नसतो.

हे सगळं करून द्यायला मिस्त्री लागतो. पाच वर्षं कुणी रुबाब विकत घेतला नाही तर मिस्त्री दुसऱ्या सुतारकामाला लागतो, आणि त्याचा मुलगा तर वाद्याचं काम शिकतच नाही. बंदीचा परिणाम इथे दिसतो. वाजवणारा परदेशात जाऊनही वाजवत राहू शकतो. वाद्य करणाऱ्याला मात्र वाळवलेली तुती लागते, कातडं देणारा लागतो, आणि वर्षाकाठी ठरावीक गिऱ्हाईक लागतं. साखळीतला हा माणूस तुटला की ती जोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

रुबाब दुरुस्त झाला, आता घरी पैसे कसे येतात? २००१ नंतर काबूलमध्ये मोठमोठे लग्नाचे हॉल उभे राहिले, आणि २०२१ पर्यंत चित्र असं होतं. पुरुषांचा भाग वेगळा, बायकांचा वेगळा, दोन्हीकडे शेकडो पाहुणे. वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचं उत्पन्न दोन वाटांनी येतं. एक यजमानाशी ठरलेली रक्कम, दुसरी शाबाश, म्हणजे नाचताना किंवा फर्माईश करताना पाहुणे देतात ते पैसे. ठरलेली रक्कम गाडीभाडं, आवाजाची यंत्रणा, मध्यस्थ यांत बरीचशी जाते. घरी नेण्यासारखे पैसे शाबाशीतून उरतात. शाबाश मिळते ती नाच रंगला तर, आणि नाच रंगवायचा तर आवाज मोठा हवा, ठेका पक्का हवा, आणि अत्तण हा पश्तूनांचा नाच सुरू झाला की वेग हळूहळू चढवत न्यायला यायला हवं.

पैशांच्या वाटणीकडे नीट पाहिलं तर लहान मुलं या धंद्यात का येतात ते कळतं. समजा चौघांचा ताफा आहे. गाणारा, जो हार्मोनियमही वाजवतो आणि कामंही मिळवतो, तो दोन हिस्से घेतो. बाकी तिघांना एकेक. एकूण पाच हिस्से. आता हे चौघे वेगवेगळ्या घरांचे असतील तर गाणाऱ्याच्या घरी दोनच हिस्से येतात. पण बाप गायला, थोरला मुलगा की-बोर्डवर, मधला रुबाबावर आणि बारा-तेरा वर्षांचा धाकटा तबल्यावर असला, तर पाचही हिस्से एकाच चुलीपाशी येतात. पिढीजात वादक घरांत, ज्यांना तिथे कस्बी म्हणतात, मुलगा सात-आठ वर्षांचा असतानाच तबल्यावर बसवतात ते म्हणूनच. त्यामागे परंपरेची ओढ आहेच, पण हा हिशोबही आहे. तबला आधी, कारण लहान हाताला तो झेपतो आणि केरवा-दादऱ्यासारखे ठेके वर्षभरात लग्नात चालण्याइतके येतात. रुबाबाची मान जाड, अंग जड. तो दहा-अकराव्या वर्षानंतरच नीट धरता येतो आणि कमाईच्या लायक व्हायला आणखी बरीच वर्षं जातात.

बाप परागंदा असेल, युद्धात गेला असेल किंवा आजारी असेल, तर ताफ्याचा पुढारी एखादा वीस वर्षांचा मुलगाच असतो. काबूलमध्ये अशी घरं कमी नव्हती. तो रात्री गातो, दिवसा काम मिळवत फिरतो, धाकट्या भावंडांची फी भरतो, बहिणीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकतो. रियाज कधी करायचा? तिथल्या तरुण वादकांच्या हातात सफाई असूनही रागाची खोली का नसते, असा प्रश्न जाणकार विचारत. मला त्या प्रश्नात थोडी कठोरता वाटते. रात्री दोनला घरी आलेल्या मुलाला सकाळी शक्ल, म्हणजे आपली आलापी, घोटायला बसवणार कोण? नग्मा-ए-कशाल नावाची एक लांब वाद्यरचना खराबातच्या परंपरेत आहे. बहुधा तीनतालात असते, अस्ताई, अंतरा, भोग, संचारी असे तिचे भाग, आणि लय टप्प्याटप्प्याने वाढत जाते. शागीर्दाचा हात यावरच तयार होतो. पण लग्नात ती कुणी ऐकत नाही. पूर्वी रात्रीच्या मैफिलीत सुरुवातीला ती वाजवून मग गायकाला जागा देत. हॉलमध्ये लोक जेवायची वाट पाहत असतात.

वर्षातले महिने सारखे नसतात, हेही विसरता कामा नये. रमजानचा महिना पूर्ण बंद. मोहरमचे सुतकाचे दिवस बंद. हिवाळ्यात खेड्यांकडचे रस्ते बर्फाने बंद. म्हणून उरलेल्या महिन्यांत मिळेल ते काम घ्यावंच लागतं. आज गाण्याचा शौक म्हणून नकार दिला तर दोन महिन्यांनी भाडं थकतं. शौकी, म्हणजे वादकांच्या घराण्यात न जन्मलेले, हौसेने वाजवणारे लोक पूर्वी पैसे घेणं कमीपणाचं मानत. बंदीनंतर त्यांतलेही कित्येक लग्नात वाजवू लागले, कारण दुसरा रोजगारच नव्हता. त्यांची घरची माणसं हे शेजाऱ्यांपासून लपवत. कस्बी घरांकडे समाज वरून खाली बघतो, त्यांच्याशी सोयरीक टाळतो, आणि तरीही २०२१ पर्यंत त्यांच्यावाचून एकही लग्न उरकत नसे. या दुहेरी वागणुकीबद्दल अफगाण वादकांच्या मनात जी सल आहे ती अगदी रास्त आहे.

मग की-बोर्ड आला. की-बोर्डमध्ये ठेका आहे, बासरी आहे, व्हायोलिन आहे, रुबाबाचाही आवाज आहे. एक माणूस चौघांचं काम करतो. यजमानाला स्वस्त पडतं, ताफ्यात हिस्से कमी होतात, आणि आवाज मोठा होतो. त्यासमोर खरा रुबाब ठेवला तर आणखी अडचण येते. स्पीकरचा आवाज कातड्याला लागतो, कातडं थरथरतं, तरफेच्या तारा आपोआप घुमू लागतात आणि माइक शिट्टी मारतो. यावर मुलांनी काढलेला उपाय सोपा आहे. तरफेखाली कापडाची घडी सारायची, आणि घोडीजवळ आवाज पकडणारी छोटी चकती चिकटवायची. शिट्टी थांबते. तरफही थांबते. शिवाय तरफ रागाप्रमाणे लावावी लागते. गायकाने बैरमीनंतर लगेच पारी हा दुसरा राग घेतला तर त्या तारा पुन्हा लावायला दहा मिनिटं हवीत, आणि हॉलमध्ये दहा मिनिटं कुणी देत नाही. हळूहळू मुलं तरफ लावणंच सोडतात. तुटलेली तार बदलत नाहीत, कारण ती ऐकूच येत नाही. अशा रीतीने ज्या तारांमुळे रुबाबाला त्याचा खोल, मागे रेंगाळणारा नाद मिळतो, त्या तारा कुणी बंदी न घालताच गप्प होतात.

याचा दोष त्या मुलांवर टाकणं मला मान्य नाही. की-बोर्ड वाजवूनच त्यांनी घरं जगवली, आणि घरं जगली म्हणून रुबाब कोपऱ्यात का होईना, टिकला. पण तरफ टिकवायची असेल तर त्या मुलाच्या रात्रीचे नव्हे, दिवसाचे तास कुणीतरी विकत घ्यायला हवेत, एवढं यातून सरळ निघतं.

काही ठिकाणी हे समजलेलं दिसतं. आगा खान संस्थेच्या संगीत उपक्रमाने २००३ पासून काबूलमध्ये उस्ताद-शागीर्द पद्धतीचे वर्ग सुरू केले. उतारवयातल्या उस्तादांना शिकवण्याचं मानधन मिळू लागलं. २०१० मध्ये अफगाणिस्तान नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक सुरू झाली. तिचे संस्थापक अहमद सरमस्त यांनी निम्म्या जागा अनाथ आणि रस्त्यावर काम करणाऱ्या मुलांसाठी राखल्या. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे रस्त्यावर वस्तू विकणारं मूल शाळेत आलं तर त्याच्या घरची कमाई बुडते, म्हणून त्या घराला दरमहा थोडी रक्कम द्यायची. वर्ग, वाद्यं, शिक्षक सगळं असूनही मूल येत नाही, ते या रकमेअभावी. मुलींचा प्रश्न आणखी अवघड. हेरातमध्ये बायकांच्या बाजूला वाजवणाऱ्या बायकांचे पिढीजात ताफे होते, पण शाळेत शिकलेल्या मुलीला लग्नात वाजवून कमावण्याची वाट जवळजवळ बंदच होती. काबूलच्या या संगीत संस्थेतल्या मुलींचा झोहरा हा वाद्यवृंद २०१७ मध्ये दावोसपर्यंत गेला. घरच्या पुरुष नातेवाइकांचा विरोध अंगावर घेऊन या मुली रोज शाळेत येत, तेव्हा त्यांच्या हातातली वाद्याची पेटी रस्त्यात कुणाला दिसू नये याचीही काळजी घ्यावी लागे.

पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचा साचा हाच आहे. मिंगोरा शहरातली बंड़ ही वादक आणि नर्तकींची वस्ती. २००७ पासून तिथल्या तालिबानचा म्होरक्या फझलुल्लाह याच्या माणसांनी तिथलं गाणं-नाचणं बंद पाडलं. जानेवारी २००९ मध्ये शबाना या नर्तकीला ठार करून मृतदेह भर चौकात टाकला. मे २००९ मध्ये सैन्याची कारवाई झाली आणि नंतर माणसं हळूहळू परतली. तिथे एक गोष्ट वेगळी घडली. पश्तून गावांत हुजरा असतो, पुरुषांनी बसायची सामायिक जागा, आणि तिथे रुबाब आणि मंगय, म्हणजे मातीचा घडा, एवढ्यावर रात्र रंगते. आवाजाची यंत्रणा नाही, हॉल नाही. म्हणून तिथे रुबाब रुबाब म्हणून ऐकला जातो. तरुण मुलांनी ही बैठक मोबाइलवर टिपून लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली आणि शिकायला येणारे शौकी वाढले. शिकवणीचे पैसे लग्नाच्या शाबाशीइतके नसले तरी नियमित असतात, रमजानमध्येही अगदीच बुडत नाहीत, आणि शिकवताना तरफ लावावीच लागते.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा तालिबानच्या ताब्यात गेलं. त्याच महिन्यात बघलान प्रांतातल्या अंदराब खोऱ्यात लोकगायक फवाद अंदराबी यांना घरातून बाहेर काढून मारलं. जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये हार्मोनियम, तबले, गिटार, स्पीकर एकत्र करून जाळले. लग्नाच्या हॉलवर पुन्हा तीच बंदी आली. वीस वर्षांत उभं राहिलेलं उत्पन्न गेलं आणि वाजवणारी मुलं मजुरीला लागली, किंवा पुन्हा पेशावरला गेली. २००० सालच्या पेशावरपेक्षा आताचं पेशावर त्यांना अधिक कठीण आहे. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना परत पाठवायला सुरुवात केली. ज्याला पोलिसांची भीती आहे तो लग्नात जाऊन उघडपणे वाजवू शकत नाही. यजमान तयार आहे, वादक तयार आहे, आणि रस्त्यातला नाका ओलांडता येत नाही.

काबूलच्या त्या संगीत संस्थेतले २७३ जण, विद्यार्थी, शिक्षक आणि काही नातेवाईक, २०२१ च्या अखेरीस पोर्तुगालला पोचले आणि ब्रागा-गिमाराइश भागात त्यांचं शिक्षण पुन्हा सुरू झालं. डिसेंबर २०२४ मध्ये रुबाब बनवण्याच्या आणि वाजवण्याच्या कलेची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावावर. नोंद झाली याचा आनंद आहे. पण ब्रागा हा पोर्तुगालमधला भरपूर पावसाचा भाग आहे. काबूलच्या कोरड्या हवेसाठी ताणलेलं कातडं तिथे हिवाळ्यात सैलावतं, घोडी खाली बसते, तारा पडद्यांना घासू लागतात. तिथल्या मुलांना नग्मा-ए-कशाल शिकवणारे उस्ताद एक वेळ मिळतील. कातडं बदलून देणारा मिस्त्री गल्लीत नाही. म्हणून परदेशात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने निदान चार गोष्टी स्वतः करायला शिकाव्यात असं मला कळकळीने वाटतं: तरफ कानाने लावणं, खुंटी न तोडता सोडवणं, हवेप्रमाणे घोडीची उंची कमी-जास्त करणं आणि कातडं भिजवून बसवणं. आणि या मुलांना मदत करू पाहणाऱ्यांनी एका कार्यक्रमाचं तिकीट काढण्यापेक्षा एखाद्या मुलाच्या घरचं भाडं वर्षभर उचलावं. तो महिन्यातून चार रात्री कमी वाजवेल, आणि तेवढे दिवस सकाळी रियाजाला बसेल.